चित्रातील घोडा आणि हातातील लगाम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आम्हां मुलांना गणित शिकविले ते बहुतांशी फळ्यावर. परंतु त्यांतला एक धडा त्यांनी आगगाडीत बसवून शिकविला, आणि तोच माझ्या मनात सर्वांत खोल जाऊन बसला आहे. वर्षातून एकदा ते आठदहा मुलांना बरोबर घेऊन सेलवासहून वापीला आणि तेथून पॅसेंजरने वलसाडला जात असत. गाडीने वेग धरला की ते घड्याळ हातात घेऊन म्हणत, "डोळे मिटा आणि ठोके मोजा." त्या काळी रूळ १३ मीटर लांबीचे असत, दोन रुळांच्या सांध्यावरून चाकांची जोडी गेली की खालून 'खडक' असा आवाज येई, आणि त्या जोडीचा मिळून एक ठोका धरावयाचा असे. ४७ सेकंद झाले की गुरुजी "बस" म्हणत. जितके ठोके भरले तितका गाडीचा ताशी वेग, किलोमीटरांत! घरी परतल्यावर फळ्याशी उभे राहून आम्ही १३ ला ३६०० नी गुणले, १००० नी भागले, ४६.८ हा आकडा हाती आला आणि कोडे सुटले. पण ते सुटण्याआधी, मिटल्या डोळ्यांनी गाडीचा वेग कानांनी मोजण्याचा जो आनंद आम्ही घेतला होता, तो कोडे सुटल्याने यत्किंचितही कमी झाला नाही, उलट दुणावला.

आजचा माझा विषय त्या आनंदाशी निगडित आहे. संगणकावर अथवा फोनवर आगगाडी चालविण्याचे जे खेळ हल्ली खेळले जातात, ज्यांना सिम्युलेटर असे म्हणतात, त्यांत वास्तव किती असावे आणि रंजन किती असावे, हा तो विषय होय. विद्वत्सभेत खेळांचा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर माझे उत्तर इतकेच की, ज्या भाषेत 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' ह्या वादावर फडके आणि खांडेकर यांच्या पक्षांनी वर्षानुवर्षे लेखण्या झिजविल्या, त्या भाषेत हा प्रश्न परका नाही. त्याने केवळ नवा वेष धारण केला आहे.

आणि हा प्रश्न सेलवासमध्ये विचारण्यास आणखी एक कारण आहे. हा आपला मुलूख रुळावाचूनचा मुलूख आहे. अठराव्या शतकात पेशवाईच्या सनदेने तो पोर्तुगीजांच्या अंमलाखाली गेला, १९५४ साली मुक्त झाला, आणि त्यानंतर पोर्तुगालने दमणहून येथे येण्याजाण्याच्या हक्कासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो दावा लावला, त्याचा निकाल १९६० साली लागला. तेव्हापासून जगातील कायद्याच्या ग्रंथांत दादरा व नगरहवेलीचे नाव 'मार्गाचा हक्क' ह्या सदराखाली येते. मार्गासाठी विख्यात झालेल्या ह्या मुलखाला लोहमार्ग मात्र लाभला नाही. तो आता लाभत आहे तोही कसा, तर मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान गाडीच्या ५०८ किलोमीटरांपैकी सुमारे ४ किलोमीटर आपल्या हद्दीतून जातात. थांबा वापीस आहे, आपल्या हद्दीत नाही. ताशी ३२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ते ४ किलोमीटर ४५ सेकंदांत ओलांडील, म्हणजे गुरुजींच्या ४७ सेकंदांतले दोन सेकंद शिल्लकच राहतील. अशा मुलखातील मुलाला इंजिन हाकण्याची ओढ लागली तर त्याने ती कोठे भागवावी? तो फोन उघडतो. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्ह ह्या कंपनीने केलेल्या 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर' ह्या खेळात त्याला आपल्या देशातील इंजिने आणि आपल्या देशातील फलाट दिसतात, आणि त्याची पहिली तहान भागते. दुसरी तहान, खरेपणाची, लागते ती पुढेच.

मनोरंजन आणि शिक्षण ह्या दोहोंत सिम्युलेटर पहिल्यापासूनच वाटला गेलेला आहे. अमेरिकेतील एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता; त्या वाद्यांतील भात्यांच्या आणि हवेच्या नळ्यांच्या युक्तीवर त्याने १९२९ साली एक लहानसे विमान बनविले, जे जमिनीवरून हलत नसे परंतु बसणाऱ्याच्या हातातील दांड्याप्रमाणे कलत, वळत, डोलत असे. त्याची पहिली गिऱ्हाइके वैमानिक शाळा नव्हत्या, तर करमणुकीची उद्याने होती. टपालाची विमाने वाईट हवेत एकामागून एक कोसळू लागली तेव्हा १९३४ साली अमेरिकी सैन्याने ती यंत्रे विकत घेतली, आणि जत्रेतला पाळणा वैमानिकांचा गुरू झाला. यंत्र तेच होते. आज आपल्या रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत लोको पायलट ज्या सिम्युलेटरवर हात बसवितात तो, आणि मुलाच्या हातातील फोनवरचा खेळ, हे एकाच घराण्यातले आहेत. एकाला सरकारी नोकरी मिळाली, दुसरा मोकळा राहिला.

मग ह्या मोकळ्या भावंडाने खरेपणाचे बंधन कितपत पाळावे? ह्याचा विचार करताना मला आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना दृष्टान्त फार उपयोगी वाटतो. नटाला पाहून प्रेक्षकाला 'हा राम' असे जे वाटते ते ज्ञान कोणत्या प्रकारचे, असा प्रश्न श्रीशंकुकाने घेतला, आणि त्याचे उत्तर अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त नोंदविल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले. ते ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, नुसते सादृश्यही नव्हे. चित्रातील घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो, तशी ती प्रतीती आहे. हाच तो चित्रतुरगन्याय. चित्रातील घोड्याला कोणी दाणावैरण घालीत नाही, तरी त्याला घोडा म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. परंतु शंकुकाच्या प्रेक्षकाला त्या घोड्यावर बसावयाचे नव्हते. सिम्युलेटरच्या कर्त्याने काय केले आहे, तर चित्रातील घोड्याला लगाम घातला आहे आणि तो तुमच्याआमच्या हातात दिला आहे! ह्या एका गोष्टीने सारा मामला पालटतो. ज्या घोड्याकडे केवळ पाहावयाचे त्याची आयाळ हुबेहूब असली की पुरे. ज्याला हाकावयाचे त्याचा खरेपणा आयाळीत शोधून भागत नाही, तो लगामात असावा लागतो. ओढले तर किती वेळाने वळतो, चढावर किती दमतो, उतारावर किती अनावर होतो, हे खरे असले तर घोडा वारली चित्रासारखा दोन त्रिकोणांचा काढला तरी चालेल.

वारली चित्राचे नाव मी सहज घेतलेले नाही. आपल्या ह्या परिसरातील घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसे पाहा: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक गोल, खाली दोन रेघा. शरीराची एकही रेघ खऱ्यासारखी नाही. परंतु तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणाऱ्या त्या माणसांच्या वळशात, त्यांच्या वाकलेल्या कमरांत आणि पुढे टाकलेल्या पावलांत नाचाचा तोल इतका खरा असतो की, ज्याने तो नाच रात्रभर पाहिला आहे त्याला तारप्याचा सूर ऐकू यावा. कोणत्या जागी काटेकोर राहावयाचे आणि कोणती जागा मोकळी सोडावयाची, हे त्या चितारणाऱ्या हातांना कोणत्याही शास्त्राच्या शिफारशीवाचून ठाऊक होते.

आता लगाम म्हणजे काय ते एका घाटाच्या उदाहरणाने सांगतो. मुंबईहून पुण्यास जाताना कर्जत ओलांडले की बोरघाट लागतो. १८६३ साली तेथील लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याच्या बांधणीवर जानेवारी १८६१ मध्ये ४२,००० मजूर कामावर होते. त्या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर उंच चढते. हा आकडा कानाला क्षुल्लक वाटतो. परंतु इंजिनासह १,००० टन वजनाची गाडी घेतली तर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यासाठीच तिला २७ टनांची ओढ लागते, आणि चाकांचे व वळणांचे घर्षण त्यावर निराळे. डब्ल्यूएजी–७ जातीचे मालगाडीचे इंजिन १२३ टनांचे. कोरड्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या सुमारे तीन दशांश धरली तर ते ३७ टनांपर्यंत ओढू शकेल. पण आषाढातील पावसाने रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली की त्याच इंजिनाच्या हाती १८ टनांच्या आसपास ओढ राहते. चाके जागच्या जागी फिरू लागतात, चालक रुळावर वाळू सोडतो, आणि तरीही गाडी रेंगाळते. म्हणून तर कर्जतला गाडीच्या शेपटीस ढकलणारी इंजिने, ज्यांना रेल्वेची मंडळी 'बँकर' म्हणतात, जोडली जातात. फलाटावर आपण गरम वडापाव हातात घेऊन उभे असतो तेव्हा डब्यांतून जो हलकासा धक्का जातो तो त्यांचाच. ज्या खेळात हे वजन, ही पकड, हा पाऊस खरा आहे, त्यात बोरघाट आहे. बोगदे, दऱ्या आणि धबधबे कितीही देखणे रंगविलेले असोत, दांडा पुढे ढकलला की गाडी सपाटीसारखी चढते त्या खेळात बोरघाटाचे चित्र आहे, घाट नाही.

उतरतीला तर ह्याहून मोठी परीक्षा. तेथे मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ब्रेकची खात्री करून घेण्यापुरती गाडी थांबविण्याचा शिरस्ता आहे. हवेचा ब्रेक कसा चालतो ते ज्याने हाताळले नाही त्याला ही सावधगिरी अतिरेकी वाटेल. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब भरून ठेवलेला असतो. दाब भरलेला असतो तेव्हा ब्रेक सुटलेले असतात, आणि चालकाने दाब उतरविला की ते लागतात. नवशिका काय करतो? वेग वाढला की दाब उतरवितो, वेग पडला की लगेच ब्रेक सोडतो, पुन्हा वाढला की पुन्हा उतरवितो. परंतु लांब गाडीत ती नळी आणि डब्याडब्याखालच्या टाक्या पुन्हा भरण्यास वेळ लागतो. ती मुदत न पाळता तीनचार वेळा असे केले की काट्यावर दाब दिसेनासा होतो, हातात दांडा आहे, पण दांड्यामागे काही नाही, आणि गाडी उतारावर आपल्या मनाची मालकीण होते. असा प्रसंग माझ्यावर पडद्यावर प्रथम आला तेव्हा मी खुर्चीतून अर्धवट उठलो होतो. माझे हात ओले झाले होते. कोणाच्याही प्राणास धोका नव्हता. तरी त्या क्षणी मला जे समजले ते दहा पुस्तकांनी समजले नसते, आणि त्याच क्षणी मला त्या खेळाची गोडी लागली. खरेपणा आणि आनंद ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली यावयाचेच, असे जे सर्रास समजले जाते ते माझ्या ह्या अनुभवाशी जुळत नाही. येथे आनंद त्या खऱ्या अडथळ्यातूनच उपजला.

परंतु ह्याचा अर्थ असा नव्हे की जितके वास्तव ओताल तितके चांगले. २००१ साली मायक्रोसॉफ्टने आगगाडीचा आपला सिम्युलेटर काढला, त्यात इंग्लंडातील सेटल–कार्लाइलपासून जपानपर्यंतचे सहा मार्ग होते, आणि भारताचा एकही नव्हता. आपल्या हौशी मंडळींनी इंजिने, डबे, स्थानके स्वतः घडवून ती उणीव भरून काढली. पुढे त्याच पायावर 'ओपन रेल्स' हा मोफत सिम्युलेटर स्वयंसेवकांनी उभा केला, ज्यात चाकांची पकड आणि ब्रेकनळीतील दाब ह्यांचा हिशेब फार कसोशीने ठेवला जातो. ह्या निष्ठेपुढे माझे मस्तक नम्र होते. तरी ह्याच वर्तुळात एक हट्टही वाढतो: इंजिन सुरू करताना पँटोग्राफ वर घ्या, सर्किट ब्रेकर लावा, कॉम्प्रेसर चालू करा, टाकीत दाब भरेपर्यंत थांबा, मग फलाण्या क्रमाने फलाणी बटणे, आणि हा सारा जाबता ज्याला मुखोद्गत नाही त्याला खेळणाराच न मानणे. आपल्या येथील कारखान्यात पाळी करून घरी आलेल्या माणसाजवळ निजण्यापूर्वी चाळीस मिनिटे असतात. ती चाळीसही मिनिटे त्याने टाकीतला दाब भरण्याची वाट पाहण्यात घालवावी काय? भरताने नाट्यात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले. नाट्यधर्मी मार्गाने रंगभूमीवर चार पावले चालून नट एका नगरातून दुसऱ्या नगरात जातो, आणि प्रेक्षक तक्रार करीत नाहीत. कालाचा आणि अंतराचा संक्षेप ही कलेची जुनी वहिवाट आहे. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटरांचा प्रवास सोडून कर्जतपासून खेळ आरंभण्याची मुभा असावी. तयार इंजिन हाती मिळण्याची मुभा असावी. पहिल्या महिन्यात पुढचा सिग्नल कोणता हे कोणी कानात सांगण्याचीही असावी. मुभा काळात द्यावी, श्रमात द्यावी, माहितीत द्यावी. वजनात देऊ नये. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी साध्या ब्रेकने थांबण्यास सुमारे पाऊण किलोमीटर घेते. ती जर शंभर मीटरांत थांबली तर संक्षेप झाला असे म्हणता येत नाही. ती खोटी साक्ष झाली, आणि तिने खेळणाऱ्याचा आनंदच हिरावून घेतला, कारण पाऊण किलोमीटर आधी विचार करावयाचा हीच तर त्या विद्येची गोडी.

ज्यांनी हे ओळखले त्यांत मी जपानच्या 'देन्शा दे गो!' ह्या खेळाच्या कर्त्यांना फार वरचे स्थान देईन. तैतो कंपनीने १९९० नंतरच्या दशकात तो खेळगृहांत आणला. नाणे टाकावयाचे, दोन दांडे हातात घ्यावयाचे, एक वेगाचा आणि एक ब्रेकचा. बाकी इंजिनाचे सारे गुंते गाळलेले. चित्रेही त्या काळाच्या मानाने बेताची. पण गाडी ठरलेल्या सेकंदाला, फलाटावरच्या ठरलेल्या खुणेवर थांबली पाहिजे. उशीर झाला, खुणेपुढे गेली, प्रवाशांना धक्का बसला, की गुण गेले, आणि गुण संपले की खेळ संपला. म्हणजे शंभर गोष्टींपैकी अठ्ठ्याण्णव टाकून दोन राखल्या, आणि त्या दोन अशा राखल्या की जपानी मोटरमनच्या व्यवसायाचा अभिमान त्यांत पुरता उतरला. हाच त्रिकोणांचा मनुष्य, आणि हाच खरा तोल.

एका बाबतीत मात्र माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. आता मुख्य मार्गांवरचे रूळ सांधे वितळवून जोडलेले असतात, मैलोगणती अखंड. गुरुजींचा ठोका तेथे उरला नाही. खेळ बनविणाऱ्यांपैकी काही जण अशा मार्गावरही 'खडक–खडक' आवाज घालतात, कारण त्यावाचून आगगाडी आगगाडी वाटत नाही असे पुष्कळांचे म्हणणे. मी माझ्या कानांशी प्रामाणिक राहून सांगतो की तो आवाज ऐकताच मला वापीच्या पॅसेंजरचा वास येतो. तरीसुद्धा माझा कौल त्याच्या विरुद्ध आहे. तो ठोका वेग सांगत असे, म्हणून तो आम्हांला प्रिय होता. जो ठोका काहीच मोजत नाही तो गुरुजींनी आम्हांला मोजावयास लावला नसता.

आणि अपघाताविषयी. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या चालकाची चौकशी होते, आणि पुष्कळदा त्याची नोकरी जाते. त्याच्या मागे बसलेली हजार माणसे झोपेत असतात, हे ओझे कोणत्याही पडद्यावर आणता येत नाही, आणि ज्यांनी ते आयुष्यभर वाहिले त्यांच्यासमोर आपला खेळ हा खेळच आहे ह्याचे भान सुटता कामा नये. पण म्हणूनच लाल सिग्नल गेला की खेळ तेथेच थांबला पाहिजे, शांतपणे; उलटणारे डबे आणि आगीचे लोळ दाखविण्यात मला वास्तव दिसत नाही, आणि आनंद तर नाहीच नाही.

शेवटी माझ्या भाच्याने केलेल्या एका मार्गाविषयी सांगतो. अशा खेळांपैकी काहींत स्वतः लोहमार्ग आखण्याची सोय असते. ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने भिलाड स्थानकातून एक फाटा काढला, तो नरोलीवरून दमणगंगेपाशी आणला, पूल बांधला आणि सेलवासला स्थानक केले. मूळच नाही, तेव्हा नक्कल बरोबर की चूक हा प्रश्नच उद्भवत नाही. श्रावणातल्या पुराचे पाणी त्याने पाहिलेले असल्यामुळे पूल काठापेक्षा ८ मीटर उंच घेतला, आणि त्यावर चढण्यासाठी ४० ला १ असा चढ दिला. ३२० मीटरांचा भराव, झाले काम. पाऊस लावून मालगाडी आणली ती चढाच्या मध्यावर चाके फिरवीत उभी राहिली. त्याला चढ सौम्य करणे भाग पडले. १५० ला १ केल्यावर भराव १,२०० मीटरांचा झाला, आणि तो नरोलीतील घरांवरून जाऊ लागला. मग त्याने घरे वाचविण्यासाठी मार्ग वळविला, वळणाने घर्षण वाढले, पुन्हा चढ कमी केला. तीन आठवडे हे चालले होते. रेल्वेचा सर्व्हेअर ज्या अडचणींशी झगडतो त्यांशी तो मुलगा कोणाच्याही हुकमावाचून, रात्री जेवण झाल्यावर, झगडत होता, आणि त्या तीन आठवड्यांत तो किती सुखात होता हे त्याच्या आईने पाहिले आहे.

पहिली प्रवासी गाडी आली त्या संध्याकाळी त्याने मला बोलाविले. पाटीवर स्थानकाचे नाव गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत लिहिलेले होते. उतार संपता संपता त्याने ब्रेक जरा उशिरा लावला, आणि गाडी फलाट सोडून दोन डबे पुढे जाऊन थांबली. खेळात आरंभापासून पुन्हा सुरू करण्याची कळ होती, आणि नुसती गाडी मागे सरकविण्याचीही होती. त्याने दोन्हींना हात लावला नाही. गार्डाच्या संमतीवाचून गाडी मागे घेता येत नाही, असे तो म्हणाला; आणि खेळात गार्ड नव्हता, म्हणून त्याने मला गार्ड केले. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो, मागचा मार्ग नीट पाहिला, मोकळा आहे असे सांगितले, आणि मग पायी चालण्याच्या वेगाने ती गाडी दोन डबे मागे आली.